पाटीवरचं नाव

हर्णैच्या घराच्या माडीवर भाच्याने सहा टेबलं मांडली. लॅपटॉपवर काम करत फिरणाऱ्यांसाठी. डिसेंबरच्या सुट्ट्यांत सुरू करायचं होतं. "खाला, जाहिरातीचं शुद्धलेखन बघा ना," म्हणाला.

समुद्र, सुवर्णदुर्ग, मासळीचा लिलाव, सगळं होतं. मी म्हटलं, "हे पर्यटकांसाठी झालं. कामवाला आधी विचारेल, लाईट गेली तर?" मग इन्व्हर्टर, दोन कंपन्यांचं इंटरनेट, फोनवर बोलायला वेगळी खोली आणि सोमवार ते शुक्रवारचा दर वर घेतला.

त्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

"नाव वाचून कुणी आलंच नाही तर?"

मी गप्प झाले. भाड्याचं घर शोधताना माझं आडनाव ऐकल्यावर 'खोली गेली' हे मीही ऐकलंय. तरी म्हटलं, "आठवडाभर राहायला येणाऱ्याला घर कुणाचं ते कळायला हवं. नाव लिही."

त्याने लिहिलं. दोन चौकशा नाव सांगितल्यावर थांबल्या. कारण तेच होतं का, अल्लाह जाणे. नाताळच्या आठवड्यात चार टेबलं भरली. दोन रिकामी राहिली. पाटी अजून तीच आहे.