आत्याबाईंचा धावदोरा

आमच्या आत्याबाईंना कोणी "काय चाललंय?" असे विचारले, तर हातात कोणती वाकळ आहे, एवढाच अर्थ त्या घेतात. गेल्या वर्षी भाद्रपदात पाटोद्याकडे त्यांच्या गावी गेलो, तेव्हा उत्तर मिळाले, "तीन चालल्यात, मास्तर. एक नातीच्या बाळंतपणाची, एक शाळंतल्या पोराची, अन् एक गाडीची."

'गाडीची' म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. दसरा ओलांडला की बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यातून माणसे जोडप्याजोडप्याने ऊसतोडीला निघतात. एका जोडप्याला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल अंगावर असते. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत कारखान्यांच्या आसऱ्याने चार-सहा महिने कोपीत जातात. माझ्या वर्गातली बाके रिकामी होतात ती याच दिवसांत. आत्याबाईंचा नातू आणि नातसून तान्ह्या लेकराला घेऊन जाणार होते. थोरला मुलगा गावच्या हंगामी वसतिगृहात राहणार होता. म्हणून वाकळीही दोन.

जुनेराशिवाय वाकळ नाही. खालीवर धड लुगडी, मध्ये विरलेली धोतरे, परकर, सदऱ्यांच्या पाठी. सारवलेल्या ओसरीवर हे थर पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, लांब टाक्यांनी टाचून घ्यायचे, आणि मग काठापासून बोटभर अंतराने धावदोरा चालवीत मध्याकडे यायचे. नांगर शेताच्या कडेने फिरत फिरत आत येतो, तसे. आत्याबाई वाकळीवरच बसतात आणि सरकत सरकत शिवतात.

बंगालची कांथा, उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांची कवंद, ही सारी याच कुळातली. कवंदीच्या चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घातलेली फुले लावतात, हे मी सांगितले तेव्हा आत्याबाईंची सुई थांबली. "कोपरंच आधी झिजतंय. शाहन्या हायत बाया."

शिकलेली माणसे वाकळीत आजीची माया शोधतात. असेलही. पण मला वाटते, आत्याबाईंना मुळात टाका आवडतो. १९७२ च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून आल्यावरही त्या चिमणीच्या उजेडात शिवायला बसत. "हात दुखत नव्हते?" मी विचारले. "दुखायचे की. पर हातोड्यानं दुखलेल्या हाताला सुई बरी वाटायची."

आता काळजी आहे ती जुनेराची. सुती लुगडी नेसणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. बोचक्यातून निघतात त्या पॉलिस्टरच्या साड्या. त्या लवकर विरत नाहीत, घाम टिपत नाहीत आणि एकीवर एक ठरत नाहीत; सुईखालून निसटतात आणि ओळीला चुण्या पडतात. माझ्या टेरिकॉटच्या पँटी तर आत्याबाईंनी चिमटीत धरून परत केल्या. मालकांचे शेवटचे धोतर मात्र इतकी वर्षे पेटीत होते, ते 'गाडीच्या' वाकळीत गेले. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही.

नातसून म्हणाली, "आजी, कशाला डोळं फोडताव? ब्लँकेट घेतलंय बाजारातून."

"ते पांघरशील. अंथरशील काय?"

फडाच्या बांधावर सात महिन्यांचे लेकरू कशावर निजवायचे, याला नातसुनेजवळ उत्तर नव्हते.

गाडी ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच आली. मधला हातभर चौकोन शिवायचा राहिला होता. आत्याबाईंनी वाकळीची घडी घातली, सुईदोरा चिंधीत गुंडाळून नातसुनेच्या हातात दिला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत उभ्या राहिल्या.

आठ दिवसांनी मी तिथे असताना फोन आला. ऊस कसा आहे, मुकादम कसा आहे, हे राहिले बाजूला. "मधला चौकोन झाला का गं?"

"कवा शिवू, आजी? पहाटं चारला फडात जातोय. लेकरू मातर तिच्यावरच निजतंय. पर भिजवली की दोन दिस वाळंना."

फोन ठेवून आत्याबाईंनी कोपऱ्यातले बोचके पुढे ओढले आणि गाठ सोडायला घेतली.

"मास्तर, घरी सुती चादर असंल तर धाडा. एक पातळ करती. झटक्यानं वाळंल अशी."