फुकट ते पौष्टिक

नागरिकशास्त्र हा विषय मी पस्तीस वर्षे शिकवला, आणि हा विषय आवडतो असे सांगणारा एकही विद्यार्थी मला त्या पस्तीस वर्षांत भेटला नाही. दोष मुलांचा नव्हता. इतिहासाच्या शेपटीला बांधलेला तो एक डबा. इतिहास पळेल तसा मागून खडखडत जायचा. परीक्षा जवळ आली की मी राष्ट्रपतींचे अधिकार फळ्यावर लिहून देई, मुले ते उतरून घेत, आणि पेपर झाला की राष्ट्रपती आणि मुले दोघेही सुटत. असा मी पंचाहत्तरीत अमेरिकेचे नागरिकशास्त्र शिकवायला बसेन, असे कोणी सांगितले असते तर मी त्याचीच पत्रिका मांडायला घेतली असती.

त्याचे असे झाले. २०२४ च्या पावसाळ्यात ह्यूस्टनहून लेकीचा फोन आला. "बाबा, त्याचं नाव शाळेतून काढलं. आता घरीच शिकवणार." नातू सोळा वर्षांचा. कारण तिने मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. पण सहा महिने हा मुलगा जेवताना ‘हो’ आणि ‘नको’ यांपलीकडे बोललेला नाही, एवढे तिच्या आईने तिच्याकडून काढून घेतले होते. मी आपला मास्तरच. म्हणालो, "अगं, इन्स्पेक्टर आला तर?"

तिथे गेल्यावर कळले की टेक्सासमध्ये इन्स्पेक्टर येत नाही. घरची शाळा ही खासगी शाळाच समजावी, असा निकाल त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली दिलेला आहे. वाचन, शब्दलेखन, व्याकरण, गणित आणि चांगले नागरिकत्व, एवढे पाच विषय शिकवले की झाले. हजेरीपट नाही, तपासणी नाही. ज्याने जन्मभर तपासणीच्या आदल्या रात्री टाचणवह्या पुऱ्या केल्या, त्याला हे ऐकून घेरी यायची तेवढी बाकी होती. पाचांतला शेवटचा विषय लेकीने माझ्या गळ्यात घातला. "तुमचाच विषय आहे, बाबा. आणि पुस्तकं विकत आणू नका, सगळं फुकट मिळतं."

फुकट ते पौष्टिक असे आपण म्हणतो खरे, पण म्हणताना हसतो. मीही हसलो. मग पाहू लागलो तो एकेक प्रकरण निघाले. त्याच ह्यूस्टन शहरातले राइस विद्यापीठ ‘ओपनस्टॅक्स’ नावाने महाविद्यालयाची सबंध पाठ्यपुस्तके फुकट देते; त्यांत अमेरिकन शासनव्यवस्थेवरचे एक आहे, आणि ते आमच्या जुन्या क्रमिक पुस्तकांच्या कितीतरी पुढे आहे. फिलाडेल्फियाच्या राष्ट्रीय संविधान केंद्राची तऱ्हा आणखी न्यारी. घटनेतले एखादे कलम घ्यावे. त्यावर परस्परविरुद्ध मतांचे दोन पंडित बसवलेले. जेवढे पटते तेवढे दोघांनी मिळून लिहायचे आणि जिथे पटत नाही तिथे ज्याने त्याने आपापले. भांडणाऱ्या भावांनी वाटणीपत्र लिहावे तसे! आपल्याकडच्या एखाद्या कलमावर असे कोणी लिहून घेईल तर मी ते विकत घेईन.

सँड्रा डे ओ'कॉनर या बाई १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या. निवृत्तीनंतर, २००९ साली, त्यांनी ‘आयसिव्हिक्स’ हा उद्योग काढला. त्यात मुलांसाठी खेळ आहेत. एका खेळात आपण वकिलाचे दुकान चालवायचे. अशिले येतात, गाऱ्हाणे सांगतात, आणि घटनेने दिलेला हक्क खरोखर मोडला आहे की नाही हे ओळखून योग्य वकिलाशी गाठ घालून द्यायची. पहिल्याच दिवशी मी चांगली खरी तक्रार असलेल्या एका अशिलाला परत पाठवले. नातू शेजारी बसून बघत होता. तो हसला. स्वयंपाकघरात भांडे घासण्याचा आवाज एकदम थांबला, हे मला अजून आठवते.

पुढे तोच मला शिकवू लागला. ‘ओयेझ’ नावाच्या ठिकाणी १९५५ पासूनच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयातल्या युक्तिवादांचे ध्वनिमुद्रण ऐकायला मिळते. एका संध्याकाळी त्याने टिंकर खटला लावला. डिसेंबर १९६५, आयोवातले डे मॉइन शहर. व्हिएतनामच्या युद्धाचा निषेध म्हणून काही मुले दंडाला काळ्या फिती बांधून शाळेत गेली. मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची, तिचा भाऊ जॉन पंधराचा. शाळेने त्यांना घरी पाठवले. खटला वर गेला आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी मुले जिंकली. शाळेच्या फाटकात शिरताना मूल आपला बोलण्याचा हक्क बाहेर ठेवून येत नाही, असा त्या निकालाचा भावार्थ. विरोधात लिहिणाऱ्यांत ब्याऐंशी वर्षांचे ह्यूगो ब्लॅक होते. घटनेची प्रत सदैव खिशात बाळगणारा हा गृहस्थ. अशाने शाळांची शिस्त मोडेल म्हणून चिडलेला. मला तो म्हातारा एकदम सख्खा वाटला.

"आजोबा, तू कोणाच्या बाजूचा?" नातवाने विचारले. (आदरार्थी बहुवचन अजून टेक्सासपर्यंत पोचलेले नाही.)

मी त्याला १९८३ मधली गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे. बायकोलाही कधी सांगितली नव्हती. आमच्या शाळेतल्या एका जुन्या शिपायाला कमी केले होते. दुसऱ्या दिवशी दहावीतला एक मुलगा प्रार्थनेला शर्टाच्या बाहीवर काळी फीत लावून आला. वर्गशिक्षक मी. फीत काढ म्हणालो. तो म्हणाला, "सर, परवा तुम्ही एकोणिसावं कलम शिकवलंत. ते शाळेत लागू नाही का?" मी त्याच्या थोबाडीत दिली आणि फीत माझ्या हाताने ओढून काढली. तीन तास तो वर्गाबाहेर उभा होता.

नातू बराच वेळ गप्प. मला वाटले, याचे बोलणे पुन्हा बंद झाले, आणि ते मी केले. मग त्याने वही ओढली.

"कोर्टाने काय बघितलं माहितीय? फितीमुळे शाळेच्या कामात खरोखर मोठा अडथळा आला का. तुझ्या वर्गात गोंधळ झाला?"

"नाही. सगळे गप्प होते."

"काहीच आवाज नाही?"

"झाला एक. माझ्या थपडेचा."

त्याने ते लिहून घेतले. वर मथळा लिहिला, ‘विद्यार्थी विरुद्ध आजोबा’. मग पेन्सिल थांबवून म्हणाला, "त्याचं नाव आठवतं तुला?"

आठवत होते. आडनावासकट.