पाण्याचे अजीर्ण

हुसेनसागराच्या काठाने सायंकाळी फेरफटका मारण्याचा आमचा परिपाठ जुना आहे. वाऱ्याची दिशा बदलली की नाकाला रुमाल लावावा लागतो, तरी पाय तिकडेच वळतात. सोळाव्या शतकात, इब्राहिम कुतुबशहाच्या काळी बांधलेल्या या तलावाने एकेकाळी हैदराबादची तहान भागविली, असे वर्गात सांगितले की मुले हसतात.

एका मुलाने विचारले, "सर, पाणी इतके हिरवे का?" आम्ही पडलो मराठीचे एम. ए.; विज्ञानाच्या शिक्षकांना शरण गेलो. सांडपाण्यातून आणि धुण्याच्या पावडरीतून नत्र व स्फुरद तलावात उतरतात. त्या आयत्या खुराकावर शेवाळ आणि जलपर्णी माजतात. मग ती मरून कुजतात आणि त्या कुजण्यात पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. पाण्याला अजीर्ण होते म्हणा ना! मैल्याबरोबर रोगजंतू येतात ते निराळेच. शिवाय शेवाळावर जगणारे सूक्ष्म जलजीव वाढतात, आणि पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू त्यांच्या अंगाला चिकटून राहतात.

हे ऐकून आम्हांस आई आठवली. जुन्या लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून ती पाणी गाळी. "जंतू का फडक्यात अडकतात?" म्हणून आम्ही कॉलेजात असताना तिची थट्टा केली होती. सुटे जंतू अडकत नाहीत, हे खरेच. त्याला पाणी उकळावेच लागते. पण जलजीवांना चिकटलेले त्यांच्यासह अडकतात. बांगलादेशातील मतलब भागातल्या खेड्यांत रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडी घातलेल्या जुन्या साडीतून पाणी गाळावयास लावले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. साडी जुनीच हवी. धुवून धुवून तिचे धागे पिंजतात आणि छिद्रे बारीक होतात.

हे सारे आम्ही मुलांना रंगवून सांगितले. त्याच पावसाळ्यात शाळेतील सात मुलांना जुलाब लागले; पाचवीतला एक तीन दिवस सलाईनवर होता. आम्ही शिडी लावून गच्चीवर चढलो. टाकीचे झाकण फुटलेले, काठावर पारव्यांची विष्ठा, आणि आत हुसेनसागराचाच हिरवा रंग! झाकणाच्या मंजुरीसाठी लिहिलेले पत्र आमच्या टेबलावर सहीवाचून पडून होते.

त्या मुलाची आई शाळेत आली. आवाज न चढविता तिने एवढेच विचारले, "सर, टाकी कधी धुतली होती?"

आम्ही नोंदवही उघडली. तारखेचा रकाना कोरा होता.