गेली आणि जाये

कारंजा लाडला राहून रुमानियन भाषेचा नाद लावून घेतला, म्हणून मंडळी मला हसतात. हसोत बापडी! मला त्या भाषेच्या भूतकाळाने धरून ठेवले आहे.

'मी केले' याला तिथे 'आम फकुत' म्हणतात. 'आम' म्हणजे माझ्यापाशी आहे. झालेले काम जणू गाठीशी बांधलेले. आमचे 'केले'देखील धातुसाधितच. संस्कृतातले भूतकाळाचे तीन लकार अपभ्रंशापर्यंत येता येता मागे पडले आणि त्यांचे काम धातुसाधिताने पत्करले. असल्या अपभ्रंश पोथ्या कारंज्याच्या जैन भांडारांनी जपल्या. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' प. ल. वैद्यांनी १९३१ साली इथल्याच ग्रंथमालेसाठी संपादिले.

पण खरी ओढ लावली ती 'फचाम' या रूपाने. 'मी करीत असे', एकदा नव्हे, नेहमी. ग्रांथिक मराठीतले 'करी' आता कवितेपुरते उरले. आमच्या वऱ्हाडीत मात्र ते 'करे' होऊन नांदते.

माझी आई जाऊन चार वर्षे झाली. 'आई गेली' या दोन शब्दांपुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. परंतु 'माय पहाटे उठे, वावरात जाये' असे म्हणावे, तर त्या वाक्यात ती अजून कामाला लागलेली असते. मुलांना शुद्ध बोलायला शिकवताना आपण 'गेली' तेवढे ठेवतो आणि 'जाये' गावंढळ म्हणून टाकतो. परक्या भाषेतले हे रूप मला घोकून मिळवावे लागले. घरचे तर आयते मिळाले आहे. ते टाकू नये.