ओसरीवरची शाळा

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात, तोच आमच्या शहाद्याकडच्या वस्त्यांतून गाठोडी बांधली जाऊ लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातेकडे निघतात. परततात त्या होळीला, नाहीतर आखाजीला. छत्तीस वर्षे मी मास्तरकी केली आणि दर दिवाळीनंतर हजेरीपटावर तांबड्या शाईने गैरहजेरी मांडली. त्या तांबड्या रेघांचे पुढे काय होते, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

गेल्या वर्षी आखाजीला तो प्रश्न स्वतःच माझ्या ओसरीवर येऊन बसला. टोळीतले एक ओळखीचे गृहस्थ लेकीला घेऊन आले. पोर पंधरा वर्षांची. धाकट्या भावाला सांभाळायला फडावर जाऊ लागली आणि सातवीवर शाळा सुटली. ते म्हणाले, "गुरुजी, घरीच शिकली तर दहावी होईल का? आणि सरकार काही देईल का?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर होते. राज्य मंडळाचा 17 नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते. पण विषय ठरलेले. दुसरी वाट 1989 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. तिथे पाच विषय आपण निवडायचे, मराठीतून लिहायचे, आणि पाच वर्षांत नऊ वेळा मिळून ते सोडवायचे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझी मान खाली गेली. 2009च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षण मोफत. हिने ती शीव ओलांडलेली. आश्रमशाळेत राहणे, जेवण, पुस्तके मिळतात. पण धाकट्याला कोण पाहणार? मदत शाळेच्या दारापर्यंत येते, उसाच्या कोपीपर्यंत येत नाही. मुक्त विद्यालयात मुलींना आणि आदिवासींना फीमध्ये सवलत असते, एवढेच सांगता आले. उरलेल्या पैशांचा विचार मी करीत होतो, तोच आतून सौ. म्हणाली, "दिवाळीचे लुगडे यंदा नको मला."

मग विषयांची निवड. मी गणित, विज्ञान लिहिले. पोर हळूच म्हणाली, "गृहविज्ञान घेऊ का?"

"म्हणजे स्वयंपाकच ना?" मी हसलो.

"मागल्या साली टोळीत एक तान्हे बाळ जुलाबाने गेले, गुरुजी. काय पाजायचे, कुणालाच ठाऊक नव्हते. त्या पुस्तकात असेल का ते?"

वाचकहो, छत्तीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी निमूटपणे विज्ञान खोडून गृहविज्ञान लिहिले. गणित मात्र हट्टाने ठेवले.

हिवाळाभर दर रविवारी बापाच्या मोबाइलवरून तिचा फोन येई. एप्रिलमध्ये तिने दोनच विषय दिले. गृहविज्ञानात उत्तम गुण मिळाले, गणितात राहिली. म्हणजे नापास झाला तो माझा विषय! अजून आठ संधी आहेत.

उद्या टोळी निघेल. आज ती फराळाला आली होती. गाठोड्यात काय काय घेतलेस, असे सौ.ने विचारले. तवा, गोधडी, धाकट्याचा स्वेटर, तीन पुस्तके. आणि मीठ-साखर वेगळ्या डब्यांत, कुणाचे बाळ आजारी पडले तर.

मी तिला गणिताची वही दिली. पहिल्या पानावर तारीख घातली. तांबडी शाई घरात होती, पण हात निळ्या शाईकडे गेला.