रिव्हर्सचा उजेड

जुन्नर तालुक्यात टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की पिकअपवाल्यांना दिवस पुरत नाही. तोडणी संपेपर्यंत ऊन कलतं, मग क्रेट बांधावर येतात, मग गाडी भरायला लागते. म्हणजे वावरात गाडी लावायची वेळ बहुधा अंधाराचीच. त्यात वावरापर्यंतचा रस्ता एका गाडीपुरता. एका अंगाला कालव्याचा भराव, दुसऱ्या अंगाला उभा ऊस. वळवायला जागा नसते. तोंड पुढे करून आत गेलात तर भरलेली गाडी मागं मागं बाहेर काढा, नाहीतर रिकामी असतानाच उलटी आत न्या. गाडी मागं घेणं काही चुकत नाही.

माझी पिकअप दीड टनाची. तिच्या मागच्या दिव्यांच्या डबीत रिव्हर्सचा पांढरा दिवा आहे. गिअर मागं टाकला की लागतो आणि मागं गाडी येतेय एवढं लोकांना कळतं. शेतातल्या अंधारात मात्र त्या उजेडात दगड, पाइप आणि खड्डा यांतला फरक कळत नाही. हौद्याशेजारी उभा राहून धाकटा भाऊ मोबाइलच्या टॉर्चवर ‘येऊ दे, येऊ दे’ करत असे आणि मी त्याच्या आवाजावर गाडी सोडत असे. हे काही रोज चालण्यासारखं नव्हतं. दिवे बदलायचे ठरवले.

आळेफाट्याला आमचे ठरलेले ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. त्यांनी नवा दिवा काढायच्या आधी जुन्याची तपासणी सुरू केली. काच काढली. आत धुळीचा थर होता आणि काच पिवळट पडली होती. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर चौदा व्होल्टच्या आसपास. गिअर मागं टाकून रिव्हर्सच्या होल्डरवर लावला तर जेमतेम अकरा. मधले व्होल्ट गंजात गेले होते. दिव्याची अर्थची वायर जिथे चेसिसला कसलेली असते, तो बोल्ट चिखल-पाण्याने खाल्ला होता. मिस्त्रींनी तो काढला, पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, नवं थिंबल दाबलं आणि वरून ग्रीस लावलं. होल्डरवर साडेतेराच्या वर आकडा आला.

तारेच्या बल्बचं एक गणित आहे. व्होल्टेज पाचव्या हिश्शाने घटलं की उजेड पाचव्या हिश्शाने घटत नाही, जवळपास निम्मा होतो. तारेचं तापमान उतरतं आणि तापमान उतरलं की उजेड झपाट्याने कमी होतो. त्यामुळे नुसती अर्थ साफ केली, काच धुतली, एवढ्यानेच दिवा ओळखू येईना. यात ग्रीस आणि थिंबल सोडून खर्च काहीच नाही. एलईडी घ्यायला निघालेल्या कुणालाही मी आधी हे करायला सांगतो.

तरी पुरेसा उजेड नव्हताच. त्या होल्डरमधला बल्ब २१ वॅटचा, पी२१डब्ल्यू नावाचा. जगभरच्या गाड्यांत ब्रेकला, इंडिकेटरला आणि रिव्हर्सला हाच बल्ब वर्षानुवर्षं वापरला जातो. नवा, स्वच्छ, पूर्ण व्होल्टेजवर असला तर साधारण ४६० ल्यूमेन देतो. घरातला पाच-सहा वॅटचा एलईडी बल्ब तेवढाच उजेड देतो, यावरून अंदाज यावा.

मग पहिला सोपा उपाय करून पाहिला. त्याच होल्डरमध्ये बसणारा एलईडी बल्ब बाजारात मिळतो. बाहेरून सगळीकडे बारीक पिवळे ठिपके, म्हणजे एलईडीच्या चिप. खोक्यावर ५० वॅट असं ठसठशीत छापलेलं. मिस्त्री हसले आणि मीटर अँपिअरवर घेऊन वायरमध्ये धरला. पन्नास वॅटचा दिवा असता तर त्याने चार अँपिअरच्या आसपास करंट ओढला असता. आकडा अर्ध्या अँपिअरवरच थांबला, म्हणजे सहा-सात वॅट. खरं तर बोटाएवढ्या बल्बात पन्नास वॅटची उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते. एलईडी स्वतः तापतो, ती उष्णता मागच्या अॅल्युमिनियममधून निघून गेली नाही तर उजेड कमी होतो आणि आयुष्यही घटतं.

तो बल्ब लावून रात्री घरामागच्या पडवीत पाहिलं. दिव्याकडे पाहिलं तर डोळे दिपत होते, जमिनीकडे पाहिलं तर फारसा फरक नव्हता. कारण डबीतल्या चकचकीत वाटीत आहे. ती वाटी मधल्या बारीक तारेच्या हिशोबाने घडवलेली असते. तार जिथे असते त्या जागेवरून निघालेला उजेड ती गोळा करून मागे फेकते. एलईडी बल्बात उजेड त्या जागेवरून निघत नाही, बल्बाच्या अंगावर सगळीकडून निघतो. तो विखुरतो. दिवा झगमगतो आणि जमीन काळोखीच राहते. काही चांगल्या बनावटीच्या बल्बांत चिप नेमक्या तारेच्या जागी ठेवतात, त्यांचा परिणाम बरा येतो. पण गाडीची डबीच एवढीशी, तिच्याकडून शेत उजळण्याची अपेक्षा धरणं बरोबर नाही.

तेव्हा वेगळे दिवे लावायचे ठरले. ट्रॅक्टरला, जेसीबीला लावतात तसले चौकोनी, मागे अॅल्युमिनियमच्या पात्या असलेले. सगळे त्यांना फोकसच म्हणतात. त्यातही दोन जाती. एकाचा झोत अरुंद आणि लांब जाणारा, दुसऱ्याचा रुंद पसरणारा. रिव्हर्सला पसरणाराच लागतो. गाडी मागं घेताना आपण चालण्याच्या वेगाने जातो, पन्नास मीटरवरचं झाड दिसून उपयोग नाही. मी १८ वॅटचे दोन घेतले. धूळ आणि पाणी दोन्हीसाठी आयपी६७ लिहिलेले पाहिले, कारण पाटातून चाक जाणार हे ठरलेलंच. रंगही पाहून घेतला. निळसर पांढरा उजेड दुकानात फार प्रखर वाटतो, पण धुळीत तो डोळ्यांना टोचतो. किंचित पिवळटपणा असलेला पांढरा बरा.

ते लावायचे कुठे, हे ठरवायला एक संध्याकाळ गेली आणि या सगळ्या कामात तीच खरी कामाची ठरली. माझ्या मनात सरळ होतं, नंबरप्लेटच्या दोन्ही बाजूंना लावून टाकू. मिस्त्रींनी विचारलं, “भाऊ, गाडी भरल्यावर मागचं तुम्हाला दिसतं कशातून?” आता यात विचार करण्यासारखं काय होतं? हौदा क्रेटने भरला, वर ताडपत्री ओढली की मागची काच बंद. आतल्या आरशात ताडपत्री दिसते. मग उरतात बाजूचे दोन आरसे. म्हणजे ड्रायव्हरला दिसतं ते हौद्याच्या डाव्या-उजव्या अंगाचं. फाळक्याच्या थेट मागे काय आहे, ते लख्ख उजेडातसुद्धा दिसत नाही. नंबरप्लेटशेजारी लावलेला दिवा नेमका तोच भाग उजळला असता.

तेव्हा आम्ही मोजणी केली. गाडीत क्रेट भरलेले होते, ते मुद्दामच तसे ठेवले. मी ड्रायव्हरच्या जागी बसलो. भावाने गुडघ्याच्या उंचीवर टॉर्च धरली आणि मागच्या चाकापासून हळूहळू मागे, मग बाजूला सरकत गेला. आरशात टॉर्च दिसली की मी ‘दिसली’ म्हणायचो, नाहीशी झाली की ‘गेली’. प्रत्येक ठिकाणी तो मुठीतून चुन्याची रेघ ओढत होता. दोन्ही बाजूंचं झाल्यावर खाली उतरून पाहिलं. गाडीच्या दोन्ही अंगांना मागे पसरत गेलेले दोन पट्टे, आणि मधे फाळक्यापासून लांबपर्यंत मोकळी राहिलेली, एक रेघही नसलेली जागा. त्या जागेत एखादं लहान मूल बसलं असतं तरी मला कळलं नसतं. इतकी वर्षं त्याच जागेत लोक उभे राहून मला ‘येऊ द्या’ म्हणत आले होते.

दिवे मग त्या पट्ट्यांच्या हिशोबाने लागले. हौद्याच्या खाली, मागच्या मडगार्डाच्या पाठीमागे, अगदी बाहेरच्या कोपऱ्यांना, थोडे बाहेर आणि खाली झुकवून. त्या जागेचा आणखी एक फायदा झाला. फाळका खाली सोडला की तो मागच्या दिव्यांच्या समोर लोंबतो. फाळका उघडा ठेवून बाजारातल्या ओट्याला गाडी लावताना डबीतला दिवा झाकला जातो, कोपऱ्यातले हे दिवे मोकळे राहतात. कोन मात्र भरलेल्या गाडीवरच बसवायचा. माल चढला की मागचे पाटे बसतात, गाडीचं नाक वर जातं आणि मागे तोंड असलेल्या दिव्याचा झोत खाली येतो. रिकाम्या गाडीवर छान बसवलेला दिवा भरल्यावर स्वतःच्या चाकामागचीच माती दाखवतो.

वायरिंगबद्दल मात्र मिस्त्री कुणाचं ऐकत नाहीत. दोन्ही दिव्यांचे मिळून ३६ वॅट, म्हणजे सुमारे तीन अँपिअर. हा भार गाडीच्या जुन्या बारीक वायरीवर आणि गिअरबॉक्सवर बसवलेल्या रिव्हर्सच्या स्विचवर टाकायचा नाही. तो स्विच म्हणजे गिअर मागं पडला की दाबला जाणारा लहानसा खटका. त्याची टोकं जळाली की गाडीखाली झोपून तो बदलावा लागतो. म्हणून मधे रिले. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीवरून थेट वायर, ८७ वरून दिव्यांना, ८५ ला अर्थ आणि ८६ ला जुन्या रिव्हर्सच्या दिव्याची वायर. जुना दिवा फक्त इशारा देतो, करंट बॅटरीवरून जातो. बॅटरीपासून वीतभर अंतरावर साडेसात अँपिअरचा फ्यूज. तो दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. पत्र्यावर घासून वायर सोलली गेली तर फ्यूज उडतो, नाहीतर गाडी पेटते. वायर चेसिसच्या आतल्या बाजूने, सायलेन्सर आणि प्रोपेलर शाफ्टपासून लांब, प्लास्टिकच्या नळीतून नेली. पत्र्याच्या भोकात रबराचा ग्रोमेट घातला.

बरेच जण असल्या दिव्यांना डॅशबोर्डवर वेगळा स्विच काढतात. रात्री क्रेट मोजायला बरं पडतं म्हणतात. मी तो काढला नाही. स्विच म्हटला की तो एक दिवस चालू राहतो आणि पुणे-नाशिक महामार्गावर मागून येणारा दुचाकीवाला आंधळा होतो. मागच्या बाजूला पांढरा दिवा म्हणजे गाडी मागं येतेय, हा रस्त्यावरचा ठरलेला इशारा आहे. पुढे पळणाऱ्या गाडीने तो दाखवू नये. शिवाय गाडीत केलेल्या बदलांवर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची मर्यादा आहे. मालवाहू गाडीला फिटनेससाठी ठरावीक मुदतीने पासिंगला न्यावंच लागतं. तिथे जादा दिव्यांना हरकत घेतली तर दोन बोल्ट आणि एक कपलर काढून गाडी होती तशी करता यावी, अशीच जोडणी ठेवली आहे. मूळ वायर कुठेही कापलेली नाही.

पहिल्या रात्री शेतात गाडी लावताना आरशातून बांधाची कड, ठिबकची नळी, कडेला पडलेलं फुटकं क्रेट सगळं वेगवेगळं दिसलं. बाजारात मात्र एक अडचण कळली. ओट्यावर उभा असलेला हमाल उजेड डोळ्यांवर आला की हात कपाळाशी धरतो. आरशात तो हात दिसला की मला वाटायचं, थांबा म्हणतोय. त्याला वाटायचं, मी उगाच थांबलोय. दोन्ही दिवे आणखी खाली झुकवले. झोताचा मधला भाग चार-पाच मीटरवर जमिनीला टेकेल असा केला. उभ्या माणसाच्या कमरेपर्यंत उजेड येतो, चेहऱ्यावर येत नाही. तेवढा पुरतो.

पावसाळ्यात एक काम वाढलं आहे. दिवे चाकामागे असल्याने चिखल थेट काचेवर येतो. गाडी भरण्याआधी ओल्या फडक्याने दोन्ही काचा पुसायच्या, एवढंच.

हे दिवे लावायचे असतील तर त्यांच्या वॅटवर भांडू नका. आधी जुनी अर्थ साफ करा, मग भरलेल्या गाडीमागे चुना टाकून पाहा. मधली पांढरी न झालेली जागा घरातल्या प्रत्येकाला दाखवा, लहान मुलांना तर हाताला धरून दाखवा. कितीही ल्यूमेनचा दिवा लावला तरी त्या जागेतलं ड्रायव्हरला दिसणार नाही. गाडी मागं येत असताना तिथे कुणीही उभं राहायचं नाही. वाट दाखवणाऱ्याने कोपऱ्याबाहेर, आरशात दिसेल असं उभं राहायचं, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की ड्रायव्हरने गाडी थांबवायची.