रावेरची केळी आणि ती भरणारे हात

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी दुसखेडा ओलांडते आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात. सावदा, निंभोरा, रावेर अशी स्टेशने मागे पडतात, पण बागा संपत नाहीत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत केळीच केळी. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. रमजानमध्ये उत्तरेकडच्या अनेक दस्तरखानांवर खजुराशेजारी ठेवलेले केळे याच पट्ट्यातून गेलेले असते.

केळी हिरवी असतानाच कापतात. घड झाडावरून उतरला की वेळ मोजायला सुरुवात होते. दिल्लीची आझादपूर मंडी येथून हजार किलोमीटरहून दूर आहे. वाटेत गाडी अडली, ऊन वाढले, तर माल रस्त्यातच पिकू लागतो आणि त्याचा भाव पडतो.

ट्रकची सोय अशी, की तो थेट बागेच्या बांधापर्यंत येतो. माल एकदा भरला की मंडीतच उतरतो. रेल्वेचे तसे नाही. बागेतून ट्रॅक्टर किंवा टेम्पोने स्टेशन, तिथे वॅगन, दिल्लीला पुन्हा दुसरी गाडी. प्रत्येक चढउतारात फळाला मार बसतो. मात्र एका गाडीत कितीतरी ट्रकांचा माल जातो. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला देशातली पहिली किसान रेल्वे निघाली. पुढे या गाड्यांमधून जाणाऱ्या फळे-भाज्यांच्या भाड्यात 50 टक्के सवलत मिळाली, तेव्हा लहान शेतकऱ्यालाही दूरची बाजारपेठ आवाक्यात वाटू लागली.

बाजाराचे गणित आणखी वेगळे. मृगबाग पावसाळ्याच्या सुरुवातीला लावतात, कांदेबाग पावसाळा सरताना. रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. मागणी चंद्रावर चालते, बाग पावसावर. दोन्हींचा मेळ बसला, तर शेतकऱ्याच्या घरात बरकत.

या हिशेबात एक माणूस नेहमी सुटतो. घड कापणारा, खांद्यावर वाहून आणणारा, वाळलेली पाने अंथरून थरावर थर रचणारा मजूर. भाड्याची चर्चा होते, डिझेलची होते; पण रात्री काम संपल्यावर हा माणूस घरी कसा पोहोचतो, हे कुणी विचारत नाही. अनेकदा तो भरलेल्या मालावरच बसून येतो.

फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक मध्यरात्री उलटला. मालावर बसून रावेरकडे परतणारे किमान 15 मजूर दबून गेले. आभोडा, केऱ्हाळा या गावांत एकाच दिवशी अनेक घरांतून जनाजे आणि अंत्ययात्रा निघाल्या. मृतांत स्त्रिया होत्या, लेकरेही होती.

मजुराचा मोबदला वेळेवर द्यावा, ही शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्या मोबदल्यात त्याचे सुखरूप घरी पोहोचणेही धरायला हवे. आपल्यापैकी कुणी बागाईतदार आहेत, कुणी व्यापारी, कुणाचे ट्रक आहेत. माल ठरवताना मजुरांच्या परतीसाठी वेगळी गाडी ठरवली, तर खर्च थोडा वाढेल. फळ जपण्यासाठी आपण पाने अंथरतो; ती अंथरणाऱ्यालाही बसायला धड जागा मिळाली पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.